नोवाकसाहेबाचं गणगोत आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची

नोवाकसाहेबाचे सोयरे सापडले तर विश्रामराव फणशांच्या पदरात काय पडणार, याची बेरीज कल्याणच्या पारनाक्यावर ज्याने त्याने आपापल्या परीने मांडून पाहिली होती. कोणी म्हणे जमीन मिळेल, कोणी म्हणे रावसाहेबकी. शेजारचे भाऊ लिमये म्हणत, साहेबलोकांच्या कामाची पाठीवर थाप मिळते, आणि ती ठाण्याहून कल्याणला आणीपर्यंत वाळून जाते. खरी बेरीज एकट्या विश्रामरावांना ठाऊक होती आणि तिच्यात एकच रक्कम होती. एक खुर्ची.

घरात मांडायची नव्हे. तशी त्यांच्या ओटीवर एक होती, तिच्यावर मांजर बसे. ही खुर्ची दरबारातली. राणीसरकारच्या ज्युबिलीचा दरबार फेब्रुवारीत ठाण्याला भरायचा होता आणि त्यात कोण बसणार, कोण उभा राहणार यावरून जिल्ह्यातली अर्धी शहाणी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. विश्रामरावांनी सगळी नोकरी साहेबाच्या टेबलाशी उभ्याने काढली. साहेब बदलले, टेबल बदललं, पंखा ओढणारा गडी बदलला. विश्रामराव उभे ते उभेच. पेन्शन झाली त्या दिवशी निरोपाचं भाषणसुद्धा त्यांनी उभ्याने ऐकलं. एकदाच, एका पावसाळ्यात, साहेबाने खाली मान घालून "बस" असं म्हटलं होतं. विश्रामरावांचे गुडघे वाकलेही होते. मग टेबलाखालचा कुत्रा बसल्याचा आवाज आला.

तेव्हा ठाण्याचे चिटणीस प्रभाकरपंत जेव्हा म्हणाले, "विश्रामराव, तिसऱ्या रांगेत एक जागा मोकळी आहे," तेव्हा विश्रामरावांच्या छातीत जे झालं त्याला वैद्याकडे औषध नव्हतं.

"खांबाच्या मागे आहे जरा," प्रभाकरपंत म्हणाले.

"खांब चालेल."

"फुकट नाही हो. त्या पियानोवाल्याचं तेवढं काम करा. मडमेने साहेबाच्या मागे लकडा लावलाय, साहेबाने माझ्या."

आता हा पियानोवाला म्हणजेच नोवाकसाहेब. कलेक्टरसाहेबांच्या मडमेचा पियानो खाडीच्या खाऱ्या हवेने बिघडला म्हणून त्याला मुंबईहून आठवड्यासाठी बोलावलं होतं. पण तो एक तार ताणी तोवर खाडीची हवा दुसरी सैल करी. असे दोन महिने गेले. फावल्या वेळात हा उंच, वाकलेला, पिंजारलेल्या दाढीचा माणूस ठाण्यातल्या ज्याला त्याला थांबवून मोडक्या हिंदुस्तानीत विचारी, "हमारा दादा का भाई देखा?"

दादाचा भाऊ वारून निदान साठ वर्षं झाली असणार, हे त्यालाही कळत होतं. हवे होते ते त्याचे पोर-नातू. हकिकत अशी की, नोवाकाचा देश पोलंड. तो शेजारच्या तीन राजांनी वाटून खाल्ला, तेव्हा त्याच्या आजोबांचा काझीमीर नावाचा भाऊ, हुद्द्याने गोलंदाज, घरातून निघाला तो देशोदेशीच्या तोफा डागत डागत शिंद्यांच्या तोफखान्यात आला. तिथून म्हातारपणी ठाण्याला. इथे त्याने लग्न केलं, एवढा निरोप एका खलाशाच्या तोंडी घरी पोचला होता. पुढे काही नाही. नोवाकाच्या मागेपुढे आता कोणी उरलं नव्हतं. पोलंडात नव्हतं, मुंबईत नव्हतं. "एक आदमी भी मिले," तो म्हणे, "तो हम खाली हाथ नहीं."

हे ऐकून विश्रामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याआड खुर्चीही दिसली, हे खरं. पण पाणी आधी आलं.

काम त्यांनी सरकारी शिस्तीने सुरू केलं, इथेच पहिली चूक झाली. शिंद्यांच्या जुन्या पेन्शनदारांची दप्तरं पाहायची म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. दप्तरावर बसलेला कारकून त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झालेला, म्हणजे काम कसं अडवावं हे त्यांनीच त्याला शिकवलेलं.

"अर्जदाराचा देश?"

"पोलंड."

कारकुनाने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी फिरवली. विलायतेपासून निघाला, तुर्कस्तानपर्यंत आला. "असा देश नाही, रावसाहेब."

"होता. खाल्ला तो."

"खाल्लेल्या देशाचा रकाना नाही. साहेबाच्या कागदावर शिक्का कुणाचा?"

नोवाकाने कागद पुढे केला. शिक्का रशियाच्या बादशहाचा होता.

कारकुनाचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून रशियन फौज रोज काबुलापर्यंत येई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून निघे. "माणूस म्हणतो पोलंडचा. पोलंड नकाशावर नाही. कागद रशियाचा. म्हणजे हा एक तर रशियन आहे, नाही तर नाहीच."

"अरे, समोर उभा आहे तुझ्या!"

"तेच तर कागदावर कसं आणायचं?" कारकून म्हणाला, आणि त्याने आपल्या अकलेने एक गोष्ट केली. फौजदार तानाजीरावांच्या कानावर घातलं की, एक रशियन माणूस एका पेन्शनर हिंदूला हाताशी धरून ठाण्याची घरं मोजीत फिरतो आहे. तेव्हापासून ही जोडी जिथे जाई तिथे मागे पन्नास पावलांवर तानाजीराव झाडाची साल निरखीत उभे असत. ठाण्यातली झाडं इतक्या बारकाईने आजवर कोणी पाहिली नसतील.

दप्तराची वाट बंद झाल्यावर विश्रामरावांनी डोकं चालवलं. नोवाकाचे डोळे घारे होते, पाण्यात पडलेल्या शेवाळासारखे. विश्रामरावांनी मांडी थोपटली. "अगं, ऐकलंस का? जिथे घारे डोळे, तिथे काझीमीरचं रक्त!"

गंगुबाई तांदूळ निवडत होत्या. "मग ठाण्याला कशाला जाता? भिंतीपलीकडे भाऊ आहेतच की."

त्या चेष्टेने बोलल्या. बायकोच्या चेष्टेतून विश्रामरावांना आजवर अनेकदा सरकारी सिद्धान्त सुचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ लिमये विहिरीवर राखुंडीने दात घासत होते, तर विश्रामराव जाऊन त्यांच्या डोळ्यांत डोकावून उभे.

"काय हो, कुसळ गेलंय का माझ्या डोळ्यात?" भाऊंनी विचारलं.

"नाही. भाऊ, तुमचे आजोबा कधी तोफखान्यात वगैरे..."

"आमचे आजोबा अग्निहोत्री होते!"

"म्हणजे विस्तवाशी संबंध होताच."

भाऊंच्या तोंडातली राखुंडी उडाली ती थेट विश्रामरावांच्या उपरण्यावर. तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात भाऊंनी आपल्या सात पिढ्या उभ्या केल्या आणि विश्रामरावांच्या सात पिढ्या आडव्या केल्या. संध्याकाळच्या आत कल्याणातल्या एकूण एक घाऱ्या डोळ्यांपर्यंत बातमी पोचली की फणसे गोऱ्याचं रक्त शोधत हिंडतोय. पुढचे आठ दिवस ते समोरून आले की भली भली माणसं पापण्या मिटून घेत. एका वैद्याने तर मिटल्या डोळ्यांनीच त्यांची नाडी पाहिली आणि पित्ताऐवजी कफाचं चूर्ण दिलं.

राग थोडा निवल्यावर भाऊच गच्चीवरून गरजले, "अहो, अकलेचा भाग आहे! गोलंदाज ख्रिस्ती. लग्न करणार तर कुणात करील? ठाण्याच्या ख्रिस्ती आळीत जाऊन बघा, आमच्या ब्राह्मण आळीत काय बघता?"

हा सल्ला इतका साधा होता की आपल्याला तो सुचला नाही याचं विश्रामरावांना फार दुःख झालं. त्यांनी भाऊंचे आभार मानले नाहीत. मनातल्या मनातसुद्धा नाही.

ठाण्याच्या ख्रिस्ती देवळामागची आळी म्हणजे कौलारू घरं, अंगणात सुकत घातलेली जाळी आणि बोंबलांच्या वासाने भरलेली हवा. विश्रामराव कायस्थ, मासळी त्यांच्या ताटात रोजची. पण इथे तोंडात पाण्याचा थेंब घेतला तरी ज्ञातीत ग्रामण्य उभं राहील, सभा भरवून वाळीत टाकतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून घरून निघताना ते तुडुंब जेवून निघत आणि वाटेत उचक्या देत.

पाद्रीबाबांनी जुन्या लग्नांच्या वह्यांची पेटी उघडली. आत वाळवीने एक सुंदर वारूळ बांधलं होतं. ठाण्यातली साठ-सत्तर वर्षांची सगळी लग्नं तिने मोडून टाकली होती. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला, नोवाकाने काढला, आणि विश्रामरावांचाही हात भरात कपाळापर्यंत गेला, तो त्यांनी पगडी सारखी करण्यात खपवला.

मग घरोघर. विश्रामराव पुढे, नोवाक मागे, त्यामागे झाडं पाहत फौजदार. साहेबाला सोयरे हवेत ही वर्दी आळीत आधीच गेली होती, त्यामुळे सोयऱ्यांची कमतरता नव्हती. एका म्हाताऱ्याने मोतीबिंदूचा डोळा पुढे करून "हा बघा, पांढरा!" म्हणून हक्क सांगितला. एकीने मांजर आणून दाखवलं. विश्रामराव प्रत्येकाला उजेडात उभं करीत, पापणी वर करीत आणि मान हलवीत. आळीच्या टोकाला नाताळबाई परेरा म्हणून एक म्हातारी राही. अंगाने बोरीसारखी काटक, तोंडाने खाडीच्या वाऱ्यासारखी. तिचे डोळे चिंचोक्यासारखे काळे कुळकुळीत. विश्रामरावांनी उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं.

"नाही. पुढे चला."

"अरे बाबा, बस तं जरा. पानी घे. पाय बघ कसं भरलंत."

"बसायला वेळ नाही, बाई. सरकारी काम आहे."

"सरकार उब्यानंच मरतंय क?" म्हातारीने विचारलं आणि ती फिसकन हसली. विश्रामरावांना हा टोला कुठे लागला ते तिला कळणं शक्य नव्हतं.

असे करता करता नाताळची आदली संध्याकाळ आली. पियानो एकदाचा सुरात लागला होता, हवा फिरायच्या आत मडमेने नोवाकाचा हिशेब चुकता केला होता, आणि नाताळ झाला की तो मुंबईला जाऊन तिथून बोटीने कुठे तरी दूर निघणार होता. तो गेला की खुर्ची गेली. प्रभाकरपंतांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, "तिसऱ्या रांगेवर भिवंडीच्या एका सावकाराचा डोळा आहे, विश्रामराव. मी किती दिवस तिच्यावर पागोटं ठेवून बसू?"

विश्रामराव शेवटचा प्रयत्न म्हणून ठाण्याला आले ते दरबारासाठी शिवून घेतलेला नवा जोडा घालून. पायात मुरलेला बरा, हा हेतू. जोडा मुरला नाही, पाय मुरले. आळीच्या टोकाशी पोचेतो दोन्ही टाचांवर द्राक्षांएवढे फोड. दिवेलागणीची वेळ. घरोघर पणत्या, कागदाचे कंदील, देवळात घंटा. नोवाक वाटेतच थबकला आणि मान वर करून आभाळाकडे पाहत राहिला.

"क्या देखते?"

"पहला तारा," तो म्हणाला, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

विश्रामरावांना तारे आधीच दिसत होते, एकेका पावलाला एकेक. डाव्या हाताला एक दार सताड उघडं होतं. आत समईसारखा उजेड, मेज मांडलेलं, वर पांढरी चादर, भोवती माणसं उभी, आणि दाराजवळच एक रिकामी खुर्ची. कुणाचं घर, कोण माणसं, जात कोणती, काळ कोणता, हे सगळे प्रश्न विश्रामरावांच्या डोक्याने विचारले; पायांनी उत्तराची वाट पाहिली नाही. जोडा काढण्यापुरतंच टेकू, म्हणून ते उंबरा ओलांडून आत शिरले आणि बसले.

घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणी नाही, डाव पडला. नाताळबाईच्या हातातला.

"आये," तिचा मुलगा पास्कू म्हणाला. "बसला!"

"कोन बसला?"

"खुर्चीवर बसला, आये! मानूस बसला!"

आणि मग जो कालवा झाला तो विश्रामरावांनी जन्मात ऐकला नव्हता. पोरं टाळ्या पिटत अंगणात पळाली, सुना हसता हसता रडायला लागल्या, पास्कूने जाऊन शेजारच्याचं दार धडधडा वाजवलं, "आमची खुर्ची भरली! खुर्ची भरली!" विश्रामराव एक जोडा पायात, एक हातात, असे उठायला लागले, तर नाताळबाईने त्यांच्या खांद्यावर असा पंजा ठेवला की ते परत बसले.

"उठशील तं बग! तीन पिढ्या झाल्या ही खुर्ची मोकली ठेवताव आमी, ह्या रातीला. एक ताट जास्ती, एक खुर्ची जास्ती. आळी सगली हसतंय आमाला. माजे सासऱ्याचे बापाने सांगून ठेवलंय, कोन बी अनवलखी मानूस यील, बसंल, तवा आदी त्याला वाढायचा, मंग घरान घास घ्यायचा. आजवर कोन आयला नाय. आज तू आयलास!"

"अहो बाई, मी फक्त फोड..."

पण पुढचं कोणी ऐकलंच नाही, कारण दारात नोवाक उभा होता आणि त्याच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. तो एक पाऊल आत आला. मेजाजवळ गेला. त्याने चादरीचं टोक उचललं. खाली भाताचा पेंढा पसरलेला होता.

"ये... ये किसने सिखाया?"

"सासऱ्याचे बापाने," नाताळबाई म्हणाली. "पेंढा बी घालायचा. आळीन आमाला पेंढेवाले म्हन्तात."

"हमारा घर," नोवाक छातीवर हात मारून म्हणाला, "हमारा मां का घर. ये ही रात. ये ही घास. ये ही खाली कुर्सी. पहला तारा, फिर खाना. सारा मुलुक मे!" मग त्याने एकेक शब्द जपून विचारलं, "वो दादा... तोफ?"

"तोफ तं!" पास्कू ओरडला. "शिंद्यांचे तोफखान्यान होता तो. ताडासारका लंबा. बरफाच्या गोष्टी सांगायचा, सगली म्हनायची म्हातारा खोटारडा हाय. माजी पनजी एकुलती एक, म्हनून ह्यो घरजावई ऱ्हायला. नाव बी परेराच लावलं."

विश्रामरावांनी हातातला जोडा खाली ठेवला. "मग हे सगळं तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तू इचारलास क?" नाताळबाई उखडली. "डोले बघलंस नी गेलास! नी बघलंस तं माजे बघलंस. मी तं सून हाय रं या घरची, वसईची! रगत ह्या पास्कूचे अंगान हाय, तो तवा जाल्यावर गेल्ता."

पास्कूचे डोळे विश्रामरावांनी पणतीच्या उजेडात पाहिले. चिंचोके. आईपेक्षाही काळे. घाऱ्या डोळ्यांच्या सिद्धान्ताला त्यांनी तिथल्या तिथे मूठमाती दिली.

नोवाकाने पास्कूला मिठी मारली ती सोडीचना. पोरं त्याच्या दाढीला लोंबकळली. कोणी तरी त्याच्यासाठी दुसरी खुर्ची आणायला धावलं तर नाताळबाईने अडवलं. "त्याला खुर्ची कशाला? तो घरचा हाय!" आणि तो इतक्या लांबून आलेला साहेब आनंदाने भाताच्या पोत्यावर पोरांच्या गर्दीत जाऊन बसला. खुर्चीवर परका असा एकटाच उरला. विश्रामराव.

आता कायद्याचा मुद्दा उभा राहिला. पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नाही, आणि घर दिवसभर उपाशी. मेजाभोवतीची सगळी तोंडं विश्रामरावांच्या तोंडाकडे लागली. विश्रामरावांनी मनात ग्रामण्य आठवलं, भाऊ लिमये आठवले, कुलस्वामिनी आठवली. नुसतं बोट लावू आणि उठू, असं त्यांनी ठरवलं. तळलेले फुगे पुढे आले, मन घट्ट होतं. वाटणाचं कालवण आलं, मन घट्टच होतं. मग नाताळबाईने केळीच्या पानात भाजलेला जिताडा उघडला.

जिताडा काय चीज आहे हे कायस्थाला सांगावं लागत नाही. त्या वाफेत विश्रामरावांचं मन जिथे घट्ट होतं तिथून सुटायला लागलं. पहिला घास त्यांनी त्या उपाशी पोरांसाठी घेतला. दुसरा नोवाकाच्या दिवंगत काझीमीरसाठी. तिसऱ्यापासून पुढे कुणाचंही नाव घेतलं नाही.

बरोबर याच वेळी रशियन हेराला रंगेहाथ पकडायला तानाजीराव फौजदार दारात प्रकट झाले. समोरचा प्रकार पाहून ते उंबऱ्यावरच थांबले. "विश्रामराव! तुम्ही? जेवताय?"

"चौकशी चालू आहे," विश्रामराव तोंडातला काटा काढीत म्हणाले.

"फौजदार, तुमी बी या ना आत," पास्कू म्हणाला.

"छे! मी हिंदू माणूस. उंबऱ्याच्या आत यायचा नाही." तानाजीरावांनी एकदा वास घेतला, मग दुसऱ्यांदा घेतला. "बाहेर अंगणात पानावर काही दिलंत तर ते तपासून बघता येईल."

त्यांनी अंगणात उभ्याने दोन तुकड्या तपासल्या, तिसरी मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भर चौकीत सांगितलं की रशियन हेर नसून पियानोवाला आहे, मात्र फणसे पेन्शनर ख्रिस्त्याच्या घरी खुर्चीवर बसून जेवले, हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दुपारच्या गाडीने ती बातमी कल्याणला उतरली. फोड बसेपर्यंत ठाण्यातच थांबलेले विश्रामराव संध्याकाळच्या गाडीने उतरले, म्हणजे उशीरच झाला होता.

गंगुबाई दारातच उभ्या. "खरं का?"

"परिस्थिती अशी होती की..."

"जिताडा होता?"

"होता."

"माझ्यापेक्षा चांगला झाला होता?"

इथे कोणताही शहाणा नवरा खोटं बोलला असता. विश्रामराव उभी हयात सरकारी नोकरीत काढलेले, त्यांना खोटं फक्त कागदावर बोलायची सवय. त्यांची जीभ आपसूक ओठांवरून फिरली. तेवढं पुरलं. पुढचा सबंध महिना त्या घरात मासळी शिजली नाही.

रामाच्या देवळात ज्ञातीची सभा बसली. सभा आपल्या ज्ञातीची नसूनही भाऊ लिमये खांबाशी येऊन बसले, 'तटस्थ' म्हणून. कोणी विचारलं, बळजबरीने खाऊ घातलं का? विश्रामराव म्हणाले, सुरुवातीला. कोणी म्हणालं, मासा खाडीचा, खाडी आपली, मग मासा ख्रिस्ती कसा? त्यावर दोन तास चर्चा होऊन असं ठरलं की मासा निर्दोष आहे पण तवा नाही. तानाजीरावांनीही खाल्लं, असं विश्रामराव आवेशाने म्हणाले. पण फौजदार उंबऱ्याबाहेर होते, उभे होते, आणि मुख्य म्हणजे फौजदार होते. शेवटी निकाल लागला. पंचगव्य, ज्ञातीला जेवण, आणि क्षौर. मिशीसकट.

"मिशी?" विश्रामरावांचा हात ओठावर गेला. ती मिशी साधी नव्हती. तिला रोज सकाळी तूप लागे. साहेबाच्या टेबलाशी सगळं अंग वाकलं तरी वाकली नव्हती ती तेवढीच.

पंचगव्यासाठी गाय हवी होती. भाऊंनी आपली पुढे केली, अगदी आनंदाने, आणि वाटी स्वतः भरून आणली, काठोकाठ.

फेब्रुवारी उजाडला. ठाण्याच्या मैदानात मांडव, कमानी, बँड. विश्रामराव मुरलेला जोडा आणि बोडका ओठ घेऊन तिसऱ्या रांगेशी आले. खुर्ची होती. खांबामागे होती, पण होती. मात्र चोपदाराने दंड आडवा धरला.

"ही फणसेसाहेबांची जागा आहे."

"मीच तो."

"फणसेसाहेबांना मिशी आहे."

प्रभाकरपंत लगबगीने आले, त्यांच्या ओठाकडे पाहून गंभीर झाले. "अरेरे. कधी झालं? वडील का?"

"वडील मी शाळेत असतानाच गेले, पंत! मी विश्राम!"

"आवाज त्यांच्यासारखा आहे," प्रभाकरपंत चोपदाराला म्हणाले, "पण मडमेसमोर घोटाळा नको. साहेब येऊन बसेपर्यंत यांना बाजूला उभं करा."

आणि खुर्ची समोर रिकामी, तिच्यामागे विश्रामराव उभे, असा दरबार सुरू झाला. साहेब आले. राणीच्या नावाने भाषण झालं. विश्रामरावांना वाटलं, आता हे असंच. पाय जमिनीतून उगवल्यासारखे होऊन गेले, डोळ्यांपुढे मांडवाची झालर हलू लागली.

पहिल्या रांगेत साहेबाच्या पाहुण्यांत नोवाक होता. तो बोटीने गेलाच नव्हता. पास्कूच्या घरी पोत्यावर बसून पोरांना गाणी शिकवीत होता. त्याच्या शेजारी, मडमेने हट्टाने बसवलेली, फुलाफुलांच्या लुगड्यातली नाताळबाई. तिला भाषणाचा कंटाळा आला होता. तिने मागे वळून मांडवभर नजर फिरवली आणि मिशी असो-नसो, आपल्या घरी जेवलेला माणूस तिने ओळखला.

"ए इश्रामा!" भर दरबारात खाडीपल्याड होडी हाकारावी तशी हाक गेली. "उबा क ऱ्हायलास? ती खुर्ची मोकली हाय ना? बस की रं!"

साहेब बोलायचे थांबले. बँडवाल्याचा झांजेवरचा हात तसाच राहिला. नोवाक उठून साहेबाच्या कानाशी लागला, हातवारे करून सांगू लागला, खुर्ची, ताट, पेंढा, फोड. साहेबाची भुवई चढली, मग गालमिशा हलू लागल्या, मग मडम हसली, आणि मग साहेबाने सबंध जिल्ह्यादेखत खांबामागे बोट दाखवून अडखळत्या मराठीत म्हटलं, "फनसे, टुमी बसा."

विश्रामराव बसले. नुसते बसले नाहीत, पाठ टेकून बसले. पुढची सगळी भाषणं त्यांनी खांबाकडे पाहत, चेहऱ्यावर असं काही हसू घेऊन ऐकली की शेजारच्या सावकाराला खांबावर काही चित्र आहे की काय अशी शंका आली.

परतताना गाडीत भाऊ लिमये भेटले, तेही तमाशा बघायला आले होतेच. "मग? काय हाती लागलं शेवटी?"

"खुर्ची लागली, भाऊ."

"ती तर तिथेच राहिली की."

यावर बोलायचं म्हणजे विश्रामरावांना हिशेब मांडावा लागला असता, आणि तो असा होता. नोवाकाला गणगोत मिळालं, नाताळबाईला पोत्यावर बसणारा एक घरचा माणूस मिळाला, मडमेला सुरात पियानो मिळाला, तोही पावसाळ्यापर्यंतच. ज्ञातीला जेवण मिळालं, तानाजीरावांना सावधगिरीबद्दल शाबासकी मिळाली. खर्चाच्या बाजूला पाहावं तर खुर्ची सरकारची होती, ज्ञातीच्या जेवणात गेलेली पेन्शनही सरकारचीच, मांडव वर्गणीचा, जिताडा पास्कूच्या जाळ्यातला आणि पंचगव्य भाऊंच्या गाईचं. पदरचं असं एकट्या विश्रामरावांचंच गेलं, आणि ते ओठावरून गेलं.